अकरा नंबरची बस आणि तेरा आठवडे

बर्मिंगहॅममध्ये ज्वेलरी क्वार्टर म्हणून सोनारांची जुनी वस्ती आहे. तिथल्या फ्रेडरिक स्ट्रीटवर टाकाच्या निबांचं एक छोटंसं संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकात जगातली बहुतेक पोलादी निबं याच शहरात तयार व्हायची. संग्रहालयात हातानं चालवायचे जुने प्रेस ठेवलेत. पोलादाची पातळ पट्टी सरकवायची, दांडा खेचायचा, खट् असा आवाज होतो आणि निबाच्या आकाराचा चपटा तुकडा खाली पडतो. पाहुण्यांना हे स्वतः करून बघता येतं. शिकवणारी मंडळी स्वयंसेवक. पगाराचं नाव नाही, पण निबांबद्दल एक प्रश्न विचारलात की अर्धा तास तुमची सुटका नाही.

2011 साली या स्वयंसेवकांत केट रायली नावाची विशीतली एक मुलगी होती. बर्मिंगहॅम विद्यापीठातून भूगर्भशास्त्रात पदवी घेतलेली, नोकरी मिळत नव्हती म्हणून बेकारभत्ता घेणारी आणि पुढेमागे संग्रहालयातच नोकरी मिळावी म्हणून इथे अनुभव घेणारी. त्या नोव्हेंबरात जॉबसेंटरनं, म्हणजे भत्ता देणाऱ्या सरकारी रोजगार कार्यालयानं, तिला सांगितलं की हे बंद कर आणि दोन आठवडे पाउंडलँडमध्ये काम कर. दुकान किंग्ज हीथमधलं, काम फळ्यांवर माल लावायचं आणि झाडलोटीचं. मोबदला काही नाही, भत्ता चालू राहील. नाही म्हणालीस तर भत्ता बंद होऊ शकतो. प्रत्यक्षात तिच्या बाबतीत अशी सक्ती नव्हतीच, तिला चुकीचं सांगितलं गेलं होतं, हे पुढे कोर्टात स्पष्ट झालं. तोवर दोन आठवडे काम करून झालं होतं.

म्हणजे एका बिनपगारी कामावरून उठवून मुलीला दुसऱ्या बिनपगारी कामावर बसवलं. पहिलं तिनं निवडलं होतं, दुसरं तिच्यासाठी निवडलं गेलं. बाकी फरक एवढाच की दुसऱ्या ठिकाणी गल्ला होता.

मी त्या काळात किंग्ज हीथच्या जवळच राहत होते. दिव्यांच्या वातीपासून भांड्यांच्या काथ्यापर्यंत सगळं एका पौंडात देणारं ते दुकान आम्हा नव्या संसारवाल्यांचा आधार होतं, त्यामुळे हे प्रकरण पेपरात आलं तेव्हा मी जरा जास्तच लक्ष देऊन वाचलं. पंचविशीच्या आतल्यांना तेव्हा आठवड्याला 53 पौंड 45 पेन्स भत्ता मिळे. अशा ठिकाणी आठवड्याला तीस तासांपर्यंत काम घेतलं जाई. भागाकार केला तर तासाला पावणेदोन पौंडांच्या जरा वर पडतात. एकवीस वर्षांवरच्यांसाठी कायद्यानं ठरवलेलं किमान वेतन त्या वेळी 6 पौंड 8 पेन्स होतं. बरं, हे पावणेदोन पौंडही दुकानदार देत नव्हता, करदाते देत होते.

केट रायली कोर्टात गेली. तिच्यासोबत नॉटिंगहॅमचा जेमिसन विल्सन हा बेरोजगार ट्रकचालक होता. त्याला आठवड्याला तीस तास, सव्वीस आठवडे जुनं फर्निचर साफ करायला सांगितलं होतं. तो नाही म्हणाला आणि त्याचा भत्ता सहा महिने गेला. ही वेठबिगारी आहे, हा दोघांचा युक्तिवाद प्रत्येक कोर्टानं फेटाळला. पण फेब्रुवारी 2013 मध्ये अपील कोर्टानं या योजनांमागची नियमावलीच बेकायदा ठरवली. कारण तसं कोरडं, कारकुनी होतं: संसदेनं दिलेल्या अधिकारात योजनांचा जो तपशील नियमांत असायला हवा, तो नव्हता. आता कापलेले भत्ते परत द्यावे लागणार, आकडा तेरा कोटी पौंडांच्या घरात. सरकारनं काय केलं? सहा आठवड्यांत नवा कायदा आणला आणि तो मागच्या तारखेपासून लागू केला. मजूर पक्षानं, नाव मजूर असलं तरी, तटस्थ राहायचं ठरवलं. त्यांचे चाळीसेक खासदार बंड करून विरोधात गेले, तेवढंच. ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानंही नियमावली बेकायदा असल्याचा निकाल कायम केला, पण तोवर सरकारचे पैसे सुरक्षित झाले होते.

खात्याचे मंत्री होते इयन डंकन स्मिथ. ते टीव्हीवर म्हणाले की सुपरमार्केटमध्ये फळीवर हवी ती वस्तू सापडत नाही तेव्हा जरा विचार करा, जास्त महत्त्वाचं कोण, भूगर्भशास्त्रज्ञ की फळ्या लावणारा? वाक्य टाळ्यांचंच होतं. आणि टाळ्या पडल्याही, आमच्या मराठी मंडळाच्या गुढीपाडव्यालासुद्धा.

पुरणपोळीच्या रांगेत एक काका माझ्या पुढे होते. सत्तरच्या दशकात आलेले, आता तीन घरं, दोन्ही मुलं डॉक्टर. म्हणाले, "अगं, लाज कसली वाटते यांना कामाची? आम्ही आलो तेव्हा इंजिनिअरिंगची डिग्री खिशात ठेवून पेट्रोल पंपावर उभे राहिलो. बर्फात."

"पंपावर पैसे मिळायचे ना काका?"

"मिळायचे की. शुक्रवारी, पाकिटात."

मग त्यांनी ते पाकीट कसं तपकिरी असायचं, त्यावर तास कसे पेन्सिलीनं लिहिलेले असायचे आणि एकदा मुकादमानं दोन तास गाळले तेव्हा त्यांनी मोडक्या इंग्रजीत त्याला कसं सुनावलं, याची गोष्ट सांगितली. गोष्ट उत्तम होती आणि त्यांनी ती आधीही सांगितली असणार. आपण कशाच्या बाजूनं साक्ष देतोय हे मात्र त्यांच्या लक्षात आलं नाही. मीही वाद वाढवला नाही, रांग पुढे सरकत होती.

श्रमाला कमी लेखू नये हे आपल्याला लहानपणापासून पढवलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण या प्रकरणात श्रमाला कमी कोणी लेखलं? त्या मुलीनं तर पुढे सुपरमार्केटमध्ये पगारावर काम केलं. फळ्या लावणारा इतका महत्त्वाचा, तर त्याला मजुरी द्या, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आता माझ्या बाजूचं सांगते, कारण फुकट काम म्हणजे शोषणच, असं सरसकट मी म्हणू शकत नाही. नवऱ्याच्या नोकरीमागे आलेल्या आमच्यासारख्या बायकांना इथे पहिला प्रश्न असतो तो "इथला अनुभव आहे का?" हा. साताऱ्याच्या कॉलेजातली नोकरी इथे कुणी मोजत नाही. म्हणून मी हाय स्ट्रीटवरच्या एका चॅरिटी शॉपमध्ये, म्हणजे दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय संस्थेच्या दुकानात, विनापगार जायला लागले. लोकांनी आणून टाकलेल्या काळ्या पिशव्या उघडायच्या, कपडे निवडायचे. विकण्याजोगे एकीकडे, भंगारात वजनावर जाणारे दुसरीकडे. निवडलेल्यांना वाफेची इस्त्री, हँगरला साइजचा प्लास्टिकचा मणी, बगलेच्या शिवणीत गननं टॅग. टॅग शिवणीतच मारायचा, कापडात मारला तर भोक पडतं, हे मॅनेजरबाईंनी मला पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं. साठीच्या बाई, सगळ्यांना 'बॅब' म्हणायच्या, जसं या गावात म्हणतात. त्यांच्याच पत्रावर मला पुढे पगाराची नोकरी लागली. त्या फुकट दिवसांचा मला फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण त्याच टेबलाच्या पलीकडच्या बाजूला जॉबसेंटरकडून आलेली मुलं उभी राहायची. 2011 च्या मे महिन्यात सक्तीच्या कामाची एक योजना सुरू झाली होती, चार आठवडे, आठवड्याला तीस तासांपर्यंत. हेतू असा सांगितला होता की कामाची शिस्त लागावी. मुलं पाठवायचं काम ठेकेदार कंपन्यांकडे, त्यांना सरकार पैसे देई. मॅनेजरबाईंना पगार होता. ठेकेदाराच्या फोनवरच्या माणसाला पगार होता. भंगारवाल्यालाही किलोमागे काही सुटत असेल.

त्यातला एक मुलगा मला चांगला आठवतो. विशीचा, उंच, टोपीचं जॅकेट दुकानातही न काढणारा. इलेक्ट्रिशियनचा कोर्स अर्ध्यावर आलेला, पुढच्या टप्प्यासाठी कुणीतरी शिकाऊ उमेदवार म्हणून ठेवून घ्यायला हवं होतं आणि कुणी घेत नव्हतं. आमची वाफेची इस्त्री कित्येक दिवस मधेच बंद पडायची. त्यानं प्लग उघडला, सैल झालेली तार बसवली, फ्यूज बदलला आणि काही न बोलता पुन्हा पिशव्या निवडायला लागला. शिस्त लावायला पाठवलेला मुलगा हा.

त्याच्यासाठी एक कागद असे. रोज आला किती वाजता, गेला किती वाजता, शेवटी मॅनेजरची सही. माझ्यासाठी असा कागद नव्हता. मी सकाळी फोन करून "आज पाहुणे आलेत, जमत नाही" म्हटलं की बाई म्हणायच्या, "काही हरकत नाही, बॅब, मजा कर." तो आला नाही, तर त्या योजनेत पहिल्या चुकीला तेरा आठवडे भत्ता बंद. दुसऱ्या चुकीला सव्वीस. 2012 च्या ऑक्टोबरपासून तर तिसऱ्या चुकीला तीन वर्षांपर्यंत. तेच टेबल, तीच टॅगची गन, तेच जुन्या कपड्यांचं कुबट वास येणारं पोतं.

तो अकरा नंबरच्या बसनं यायचा. ही बस तेव्हा शहराला बाहेरून गोल वळसा घालायची, सव्वीस मैलांचा फेरा, आणि एकदा कुठे अडकली की अडकली. एकदा ती अशीच अडकली आणि तो चाळीस मिनिटं उशिरा आला, धावत आला होता. बाईंनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि जरा वेळ तशाच बसल्या. मग 'नऊ' लिहिलं. "तू नऊला आलास, बॅब. किटली लाव." मला म्हणाल्या, "मी इथे जुने ब्लाउज विकायला आले होते गं. माणसांचं जेवण बंद करायचं काम माझ्याकडे कुणी आणि कधी दिलं?"

पुढच्या वेळी बस अडकली तेव्हा त्या सुट्टीवर होत्या. बदलीच्या माणसानं जे खरं होतं ते लिहिलं. त्याला दोष कसा देणार, खरंच लिहिलं होतं त्यानं. काही दिवसांनी मुलगा आला तो बस उशिरा होती असं लिहून मागायला. बाईंनी दुकानाच्या लेटरहेडवर लिहून दिलं, मी खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्यानं कागद घडी घालून त्या जॅकेटात ठेवला. इस्त्री ठीक चालते का, एवढं विचारलं.

रविवारी आत्याला फोन लावला की दुकानातल्या गोष्टी सांगायचे. आत्या माण तालुक्यातली, बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली. मी फुकट राबते हे तिला आधीपासूनच पटलेलं नव्हतं. या मुलाचं ऐकल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "आनि मस्टर कोन भरतं?"

मी सांगितलं.

"मग बाई चांगली हाय म्हनायची. आमचा कारकून सुकडीबी मोजून द्यायचा. पर हप्त्याला पैसं मिळायचं हां. उशिरा मिळायचं, माप कमी धरायचा मेला, पर मिळायचं."

त्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तिच्यामागे आपली सगळी पुण्याई लावली. 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला आणि शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुरीसाठी पैसा आला. त्या योजनेत खोटी मस्टरं निघाली, पाझर तलाव कागदावर पाझरले, मजुरी महिनोन् महिने थकली. हे सगळं खरं. तरी तिच्या पायाशी एक गोष्ट पक्की होती: माणूस काम मागेल आणि कामाची मजुरी घेईल.

मजुरी किती, यावर आपल्या सुप्रीम कोर्टानं जे म्हटलंय ते मला या ब्रिटिश प्रकरणामुळेच शोधून वाचावंसं वाटलं. 1982 साली दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू असताना मजुरांना कमी पैसे मिळतात म्हणून खटला झाला. न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या 23 व्या कलमानं बंद केलेली बिगार आहे. सक्ती म्हणजे पाठीवर चाबूकच हवा असं नाही. भूक आणि गरिबीपायी दुसरा मार्ग नसणं हीदेखील सक्तीच. दुसऱ्या वर्षी, 1983 मध्ये, राजस्थानातल्या दुष्काळी रस्त्याच्या कामाचा खटला आला. संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार. सरकारचं म्हणणं असं की ही काही नोकरी नव्हे, मदत आहे, उपाशी मरू नये म्हणून दिलेलं काम आहे, इथे किमान वेतन कसलं? कोर्ट म्हणालं, काम घेताय ना, मग मजुरी पूर्ण द्या. त्या रस्त्याचा उपयोग समाजाला होणार आहे, मदतीच्या नावाखाली माणसाच्या अडचणीचा फायदा सरकारला घेता येणार नाही.

रायलीच्या खटल्यात ब्रिटिश न्यायाधीशांनी याच्या नेमकं उलट्या बाजूनं पाहिलं. भत्ता ही सरकारनं दिलेली मदत, तिला अट घातली तर ती वेठबिगार कशी? त्यांच्या कायद्याच्या चौकटीत ते बरोबरही असेल. पण आत्याला यातला कुठला निकाल कळला असता, हे सांगायला वकील नको. अर्थात आपला निकाल कागदावर किती आणि वीटभट्टीवर किती, हा प्रश्न मला कुणी विचारू नये.

खरी गंमत पुढेच आहे. या सक्तीच्या कामाचा काही उपयोग होतो का, हे ब्रिटनच्या त्याच खात्यानं तपासलं आणि जून 2012 मध्ये अहवाल आला: नोकरी मिळण्याच्या शक्यतेवर परिणाम शून्य. योजना बंद झाली का? नाही, उलट वाढवली. त्याआधीच्या सरकारनं 2009 मध्ये फ्युचर जॉब्ज फंड आणला होता, त्यात तरुणांना सहा महिने किमान वेतनावर काम मिळे. नव्या सरकारनं तो महागडा म्हणून गुंडाळला. मग खात्याचाच दुसरा अहवाल नोव्हेंबर 2012 मध्ये आला आणि त्यात निघालं की दर माणसामागे समाजाचा सुमारे 7,750 पौंडांचा निव्वळ फायदा झाला होता. पगारी योजना फायद्यात म्हणून मेलेली, बिनपगारी योजना निरुपयोगी म्हणून जिवंत. दोन्ही अहवाल एकाच इमारतीत, कदाचित एकाच कपाटात.

आणि लाज कुणाला वाटत होती तेही बघा. 2012 च्या फेब्रुवारीत टेस्को या बड्या सुपरमार्केटची एक जाहिरात जॉबसेंटरवर झळकली: रात्रपाळी, काम कायमस्वरूपी, पगाराच्या रकान्यात 'बेकारभत्ता अधिक प्रवासखर्च'. गदारोळ झाला, टेस्कोनं तांत्रिक चूक झाल्याचं सांगितलं, इतर मोठी दुकानं एकामागून एक बाहेर पडली आणि महिनाअखेरीला तरुणांच्या कार्यानुभव योजनेतली भत्ता कापायची धमकी सरकारनं मागे घेतली. त्यानंतर मात्र सक्तीच्या योजनेत कुठल्या संस्था मुलं घेतात, ती यादी द्यायला सरकार तयार होईना. नावं कळली तर लोक निदर्शनं करतील आणि योजना कोसळेल, हे कोर्टात चक्क कारण म्हणून मांडलं. माहिती आयुक्तांचा आदेश असूनही चार वर्षं भांडले. 2016 मध्ये यादी बाहेर आली तोपर्यंत योजना स्वतःच संपली होती.

आपल्याकडेही 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000. आधी सहा महिने, मग अकरापर्यंत वाढवली. माझ्या मावसभावाची मुलगी तिच्यात एका सरकारी कचेरीत होती. दाखल्यांची नोंद संगणकावर तीच करायची, कारण कायम कारकुनाला ते येत नव्हतं. ब्रिटनपेक्षा हे बरं, हाती काही पडत होतं आणि नाही म्हटलं म्हणून कुणी काही कापत नव्हतं, कारण कापायला मुळात भत्ताच नाही. मुदत संपल्यावर तिची खुर्ची तशीच राहिली आणि दाखल्यांची रांग वाढली. तिनं मला विचारलं, "आत्या, तिकडे असं काम केल्यावर पुढे घेतात का?" आता मी कुणाची तरी आत्या झाले आहे आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

2020 मध्ये करोनानं तरुणांच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा लंडनला जुनी आठवण झाली असावी. किकस्टार्ट नावाची योजना आली: भत्ता घेणाऱ्या सोळा ते चोवीस वयाच्या मुलांना सहा महिने काम, आठवड्याला पंचवीस तास, किमान वेतन सरकार भरणार. दीड लाखाच्या वर मुलं त्यातून गेली. तिच्यातही उणिवा होत्या, सुरुवातीला मुलांपेक्षा फॉर्मच जास्त होते. तोवर मी त्याच चॅरिटीच्या दुसऱ्या दुकानात पगारावर असिस्टंट मॅनेजर झाले होते आणि आमच्याकडे अशी एक मुलगी आली. एकोणीस वर्षांची, निळे केस, टॅग हमखास कापडातच मारणारी. शिवणीत मार, शिवणीत मार, असं सांगून माझं तोंड दुखलं.

पहिला पगार झाला त्या दिवशी ती फोनमध्ये पगाराची पावती मोठी करून करून बघत होती. मग माझ्यासमोर तो फोन धरला. "माझे दोन तास कमी लागलेत. गेल्या गुरुवारी मी सातपर्यंत होते. तू होतीस ना?"

होते. वहीत बघितलं, सातच लिहिलं होतं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करून घेऊ.

"पुढच्या महिन्यात कशाला?" असं म्हणून तिनं हेड ऑफिसचा नंबर शोधला, पेरोलला लावला, फोन स्पीकरवर ठेवला आणि वाजणारं संगीत ऐकत शर्टांना टॅग मारायला लागली. मी तिला म्हटलं, दुकानाच्या फोनवरून लाव, तुझे पैसे कशाला घालवतेस. आणि शिवणीत मार.